पैसा मुंबईचा, मग निर्णय कुणाचा?

‘सर्व मुंबईकर ग्रामस्थांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ठीक १० वाजता मंडळाची सर्वसाधारण सभा...’ असा मेसेज बाबांच्या किंवा काकांच्या मोबाइलवर तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. सभेचा पत्ता बघा. पूर्वी तो लालबाग-परळचा असायचा. आता मीरा रोड, नालासोपारा, विरार किंवा दिवा असतो. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतींत कोकणातून आलेली कितीतरी घरं आहेत. गाव राजापूर किंवा कणकवली तालुक्यात, राहणं ठाणे जिल्ह्यात आणि मंडळाच्या लेटरहेडवर मात्र अजूनही ‘मुंबई’!

आपल्यापैकी बहुतेकांसाठी हे मंडळ म्हणजे वर्गणीची पावती, हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आणि गणपतीच्या एसटीचं ग्रुप बुकिंग. पण थोडं मागे जाऊन पाहिलं तर कळतं, की हे प्रकरण त्याहून बरंच मोठं आहे. कोकणातल्या अनेक गावांत शाळा, रस्ता, नळ आणि सभामंडप सरकारच्या आधी या मंडळांनी आणला. आज प्रश्न असा आहे, की पुढच्या वीस वर्षांत ही मंडळं काय करणार आणि ती चालवणार कोण? उत्तर आपल्या पिढीकडे आहे, म्हणून हा विषय युवा पानावर.

खोलीतून उभी राहिलेली शाळा

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४मध्ये उभी करायला घेतली गेली. त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता) माणसं मुंबईला येत राहिली. बायको-मुलं गावी आणि पुरुष मुंबईत, असा संसार. एका गावचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली घ्यायचे, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. गावाहून नवा मुलगा आला की आधी तो या खोलीवर यायचा. नोकरी लागेपर्यंत त्याचं बघायचं, कुणी वारलं तर वर्गणी काढायची, घरी मनीऑर्डर करायची, ही सगळी कामं तिथूनच व्हायची. मंडळाचा जन्म या खोलीतला.

पुढे याच वर्गणीतून शिक्षण संस्था निघाल्या. कणकवली तालुक्यातलं कासार्डे माध्यमिक विद्यालय चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे कासार्डे विकास मंडळ, मुंबई. वैभववाडीचं आनंदीबाई रावराणे महाविद्यालय चालवते महाराणा प्रताप शिक्षण संस्था, मुंबई. शाळा-कॉलेज सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि संस्थेच्या नावात मुंबई. कोकणात फिरलात तर अशा पाट्या जागोजागी दिसतील.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातल्या अनेकांची नोकरी परत आलीच नाही. मनीऑर्डर आटली, पण मंडळं टिकली. कारण तोपर्यंत पुढची पिढी बँकेत, बेस्टमध्ये, महापालिकेत आणि खासगी ऑफिसांत लागली होती. चाळीतली खोली विकून किंवा सोडून ती उपनगरात सरकली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१मध्ये सुमारे सव्वापाच लाख होती, २०११मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. या वाढीत कोकणचाही वाटा आहेच.

रिकामं होणारं गाव

त्याच दहा वर्षांत दुसऱ्या टोकाला काय झालं? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे कमी झाले. रत्नागिरीत २०११ला दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ तिथे मुली जास्त जन्मतात असा नाही. कमावते पुरुष बाहेर आहेत, एवढाच.

हे आकडे डोक्यात ठेवून मंडळाची सभा डोळ्यांसमोर आणा. गावात राहतात जास्त करून बायका आणि म्हातारी माणसं. गावासाठी निर्णय घेणारी सभा भरते दोन-चारशे किलोमीटरवर आणि तिथे बसतात बहुतेक पुरुष. बऱ्याच मंडळांत सभासदत्व ‘घरटी’ असतं, म्हणजे घरामागे एक, आणि तो एक कोण हे सांगायला नको. लग्न झालेली मुलगी माहेरवाशीण म्हणून ओटी घ्यायला येते, सभासद म्हणून नाही.

मग पैसा कशावर खर्च होतो? देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, कमान. देऊळ नकोच असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. कोकणात देऊळ ही गावाची एकत्र येण्याची जागा आहे. शिमगा आणि गणपती नसता तर आपल्यातले निम्मे जण गावाला फिरकलेही नसते. अडचण देवळाची नाही. देवळाला वर्गणी द्यायची की नाही यावर सभेत चर्चा होत नाही आणि पाखाडीखालच्या विहिरीचा विषय ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला जातो, ही अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन त्या विहिरीवर जाणारी बाई सभेला असती, तर क्रम बदलला असता.

नायजेरियातला ऑगस्ट

आता थोडं लांब जाऊ. नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो समाज राहतो. ब्रिटिश काळात हे लोक लागोस, कानोसारख्या शहरांत नोकरीला गेले आणि तिथे त्यांनी आपापल्या गावाच्या संघटना काढल्या. अगदी आपल्यासारखंच: वर्गणी, गावात शाळा, दवाखाना, हुशार मुलाला शिष्यवृत्ती. १९६७ ते १९७०च्या युद्धात त्यांचा प्रदेश उद्ध्वस्त झाला, तेव्हा गावं पुन्हा उभी करण्यात या संघटनांचा मोठा हात होता. आज लंडन-अमेरिकेतही त्यांच्या शाखा आहेत.

आपल्यासाठी लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये इग्बो बायका शहरांतून, काही तर परदेशातून, गावी जातात आणि गावातल्या बायकांबरोबर बैठक घेतात. तिचं नावच ‘ऑगस्ट मीटिंग’. हिशेब, भांडणं, आरोग्य केंद्र, बाजारातले शेड असे विषय तिथे निघतात, वर्गणी ठरते. त्यातही मिरवणं होतं, महागड्या कपड्यांची स्पर्धा होते, अशी टीका तिथलेच लोक करतात. तरी शहरातल्या आणि गावातल्या बायका एका जागी बसून गावाचं ठरवतात, हे आहेच. आपण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीला जातो. बायका पण जातात. पण त्या सुट्टीचा बराच वेळ चुलीपाशी जातो.

दुसरं उदाहरण मेक्सिकोचं. अमेरिकेत कामाला गेलेल्या मेक्सिकन लोकांच्या गाव-मंडळांसाठी तिथल्या सरकारने २००२पासून ‘एकाला तीन’ अशी योजना देशभर चालवली. मंडळाने एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि स्थानिक पालिका प्रत्येकी एक पेसो घालणार. रस्ते झाले, पाणी आलं. पण एक खोटही दिसली: ज्या गावाचं मंडळ मजबूत, त्यालाच जास्त सरकारी पैसा. सगळ्यात गरीब गावाचं मंडळच नसतं.

ही खोट आपल्याकडेही आहे, आणि आपल्याकडे तिला जातही आहे. कोकणात मंडळ नेहमी अख्ख्या गावाचं नसतं. वाडीचं असतं, भावकीचं असतं, समाजाचं असतं. कुणबी समाजोन्नती संघ १९२०चा, बौद्ध वाड्यांची बौद्धजन पंचायत समिती वेगळी. ज्यांना गावकीत जागा नव्हती त्यांनी आपली संघटना काढली, हे बरोबरच झालं. पण परिणाम असा, की एका वाडीत पेव्हर ब्लॉक आणि शेजारच्या वाडीत चिखल. शिवाय गावकीचा जोर कधी कधी भलतीकडे जातो. रायगड जिल्ह्यात कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणं इतकी गाजली, की महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हा कायदा देशातला पहिला. वर्गणी दिली नाही म्हणून कुणाशी व्यवहार तोडणं हा आता गुन्हा आहे, हे ग्रुपवर जरूर टाका.

मतदार कुठले?

२०२०च्या गणपतीत एक गोष्ट उघड झाली. कोविडमुळे चाकरमान्यांनी यावं की नाही यावर वाद पेटला. काही गावांनी १४ दिवसांच्या विलगीकरणाचा आग्रह धरला, सरकारने दहा दिवस ठरवले आणि १२ ऑगस्टपर्यंत पोहोचा असं सांगितलं. देऊळ आपल्या पैशाने बांधलं आणि आम्हालाच गावबंदी, असा मुंबईकरांचा राग. म्हातारी माणसं आम्ही सांभाळतोय, असा गावकऱ्यांचा मुद्दा. दोघांचंही चुकत नव्हतं. पण पैसा देणं आणि गावात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षी कळलं.

कायद्याने बघितलं तर निर्णय ग्रामसभेचा. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या यादीतले मतदार. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणच्या यादीत असू शकतं. तुमचं मतदान मीरा रोडला असेल, तर तुम्ही गावच्या ग्रामसभेचे सदस्य नाही. म्हणजे मंडळाकडे पैसा आहे, मत नाही. ग्रामसभेकडे मत आहे आणि २०१५पासून वित्त आयोगाचा निधीही थेट ग्रामपंचायतीकडे येतो. त्या निधीचं काय करायचं याचा आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने दरवर्षी होतो. तरी मंडळाची योजना एका कागदावर आणि ग्रामपंचायतीची दुसऱ्या कागदावर, असं अनेक गावांत चालतं. कधी एकाच पाखाडीवर दोघांचा खर्च होतो, कधी दोघांचाही होत नाही.

यावर उपाय फार अवघड नाही. जलजीवन मिशनमध्ये गावाला ५ किंवा १० टक्के लोकवर्गणी भरायची तरतूद आहे. मंडळाचा पैसा इथे लागला तर एका रुपयामागे सरकारचे नऊ किंवा त्याहून जास्त रुपये गावात येतात. एक मे आणि पंधरा ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा असते. मे महिन्यात आपण गावी असतोच. मंडळाचा ठराव गावातल्या मतदारांमार्फत त्या सभेत जाऊ दे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो, तर विहिरीचा विषय तिथून येऊ दे.

आणि आपण? मंडळाच्या सभेत पंचविशीच्या आतलं कुणी दिसत नाही. ‘आम्हाला कोण विचारतं’ ही आपली तक्रार आणि ‘पोरं येतच नाहीत’ ही त्यांची. दोन्ही खऱ्या. पण ज्यांनी एका खोलीत पाळ्यांनी झोपून शाळा बांधली, ती पिढी आता थकली आहे. आपण गेलो नाही, तर दहा-पंधरा वर्षांत मंडळाचं पासबुक बंद होईल किंवा ते दोन-तीन माणसांच्या हातात जाईल.

तेव्हा पुढच्या सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. मंडळ नोंदणीकृत आहे का, आणि असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब गेल्या वर्षी दिला का? आईला आणि ताईला सभासद होता येतं का? या वर्षीचं काम ग्रामसभेच्या आराखड्यात आहे का? पहिल्यांदा कुणीतरी म्हणेल, ‘तू कालचा पोरगा, बस खाली.’ बसा. पण पुढच्या सभेला बहिणीला घेऊन जा आणि पुन्हा विचारा.