आडनावातली खूण कुणी पुसायची?

गोव्यात डिसोझा, डिमेलो, डिसा ही आडनावं गावोगावी. रोमन लिपीत लिहिताना पुष्कळ जण 'डी'नंतर वर एक छोटी खूण देतात, अपॉस्ट्रॉफी. एवढीशी खूण, पण ऑनलाइन फॉर्म भरताना तीच आडवी येते. कुठे 'अवैध अक्षर' म्हणून नकार मिळतो, कुठे छापून आलेल्या कागदावर नावात तिरपी रेघ घुसते: डि\'सोझा. मग सल्ला ठरलेला, "खूण काढून टाका, काम होईल." माझं मत साधं आहे: नाव तसंच राहू दे, प्रोग्राम दुरुस्त करा.

हे होतं कसं? डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, आणि कीबोर्डवरची अपॉस्ट्रॉफी हेच ते चिन्ह. त्यामुळे 'डी'पाशीच मजकूर संपला असं डेटाबेसला वाटतं आणि 'सोझा' ही आज्ञा वाटते. याच फटीतून घातक आज्ञाही घुसवता येते. म्हणून खूण 'एस्केप' करतात: ती दोनदा लिहायची, किंवा मायएसक्यूएलमध्ये तिच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. साठवताना डेटाबेस हा बॅकस्लॅश काढून टाकतो. तो पत्राच्या पाकिटासारखा. पत्र पोचलं की त्याचं काम संपलं.

गडबड होते ती दोन पाकिटं घातल्यावर. पीएचपीमध्ये 'मॅजिक कोट्स' नावाची सोय होती. फॉर्ममधून आलेल्या मजकुराला ती आपोआप बॅकस्लॅश लावायची. प्रोग्रामर पुन्हा लावायचा. आतलं पाकीट डेटाबेसात तसंच राहायचं. तोच मजकूर उघडून पुन्हा जतन केला की एकाचे तीन बॅकस्लॅश, तिनाचे सात! २०१२ साली पीएचपी ५.४ मधून ही सोय काढली. सवय मात्र सगळ्यांची गेली नाही.

मग सगळे बॅकस्लॅश सरसकट पुसले तर? तेही नको. 'मराठी' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं आहेत. जेसनमध्ये एस्केप केली की प्रत्येकाची सहा अक्षरं होतात, पहिलं बॅकस्लॅश. तेवढं पुसलं की उरतो निरर्थक अक्षर-आकड्यांचा ढीग.

काही जण म्हणतात, खुणेवर बंदी घातली की धोका टळला. टळत नाही. जिथे क्वेरीत आकडा थेट चिकटवला जातो, तिथे अवतरणचिन्हाशिवायही आज्ञा घुसवता येते. खरा उपाय म्हणजे पॅरामीटर क्वेरी: आज्ञा वेगळी, मजकूर वेगळा पाठवायचा. डेटाबेसात मजकूर लिहिणाऱ्याने लिहिला तसाच ठेवायचा. एचटीएमएलसाठीचं एस्केप वेबपानावर दाखवताना, आणि एकदाच. तोच मजकूर उद्या छापील अंकातही जाणार असतो ना!

एका दाखल्यावर खूण आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे दोन्ही नावं आपलीच हे सिद्ध करत हिंडायची पाळी त्या विद्यार्थ्यावर येते. साहित्य मंडळात आपण एका अनुस्वारावरून तासभर वाद घालतो. नावातल्या खुणेचीही तेवढीच कदर करूया. आपल्यातले जे उद्या प्रोग्राम लिहिणार आहेत, त्यांना एवढंच सांगणं: चाचणीला पहिलं आडनाव डि'सोझा घ्या. दोनदा उघडा, दोनदा जतन करा. तसंच्या तसं परत आलं, तरच पुढे जा.