पंक्तिप्रपंच : जुना आणि नवा

थंडी पडू लागली की पुण्या-मुंबईकडील मंडळी दहा-वीस जणांचा मेळ जमवून कोकणच्या किनाऱ्याची वाट धरतात. समुद्रात पाय भिजवावे, माडाच्या सावलीत एखाद्या घरगुती खानावळीत पंगत मांडून सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी व सोलकढी ह्यांचा समाचार घ्यावा, शाकाहारी असल्यास उकडीच्या मोदकांवर तूप ओतून घ्यावे, आणि सायंकाळी परतावे, हा क्रम आता रूढ झाला आहे. किनाऱ्यावरील कुटुंबांस, विशेषतः तेथील कर्त्या स्त्रियांस, त्यातून दोन पैसे मिळतात, हेही चांगलेच आहे. पण ह्या पंगतीत एक व्यंग शिरले आहे. ते आम्ही आमच्याच चुकीवरून ओळखले, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आमचे कर्तव्य समजतो.

आज अशा पंगतीत शेजारच्या पानावर कोण बसला आहे हे कोणी विचारीत नाही. ही गोष्ट आपोआप घडलेली नव्हे. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्यासाठी एकत्र जेवीत, पण दारे लावून; आणि नावे बाहेर फुटताच ती सभा मोडली. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृतींवर बहिष्काराचे प्रकरण उभे राहिले व ते शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. पेलाभर चहापायी एवढा गदारोळ! महाड येथे १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांस सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. समुद्रकाठच्या रत्नागिरीस सावरकरांनी १९३३ साली सर्व हिंदूंस खुले असे उपाहारगृह काढले, तेव्हा तेही धाडसच मानले गेले.

पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकास मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने, ज्यास १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले, अस्पृश्यतेच्या सबबीवर उपाहारगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. इतकेच नव्हे, तर तेथील भांडी वापरू न देणे हाही. म्हणजे उंबरठ्यापासून पेल्यापर्यंतचा मार्ग कायद्याने मोकळा केला.

आता आमची हकीकत. मागे आम्ही आप्तेष्टांसह दोन गाड्या करून ताम्हिणी घाटाने श्रीवर्धनकडील एका किनाऱ्यावर गेलो होतो. खानावळीस आदल्या दिवशी दूरध्वनीवरून वर्दी दिली होती : ताटे एकवीस. मोजणी आम्हीच केली होती व तीत चार वर्षांचे पोरही धरले होते. आम्ही गाड्यांतून उतरत असता खानावळीच्या मालकीणबाईंनी माणसे मोजली आणि साधेपणाने विचारले, “पाने एकवीस मांडू की चोवीस?” दोघे गाडीवान आणि तान्ह्या मुलास सांभाळणारी बाई आमच्या हिशेबात नव्हतीच. क्षणभर कोणी बोलेना. मग आमच्यापैकी एकाने सांगितले, “ते मागाहून बसतील.” तिघे मागाहून बसले, तोवर तुकड्या संपल्या होत्या आणि कालवणभात उरला होता. आम्ही तेथेच होतो व गप्प राहिलो, हे कबूल केल्यावाचून पुढे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

एकाच पंगतीत एकास एक व दुसऱ्यास दुसरे वाढणे ह्यास आपले वाडवडील पंक्तिप्रपंच म्हणत व तो पाप मानीत. आपण त्याहून पुढे गेलो. आपण काहींस पंगतीतच धरले नाही. जातीची रेघ पुसली म्हणून आपण पाठ थोपटून घेतो आणि त्याच जागी पगाराची रेघ ओढतो. ह्या भेदास कायद्याचे कलम लागू पडत नाही. खानावळीने त्यांस अडविले नव्हते. अडविले ते यजमानाने. आणि यजमानाने कोणास शेजारी बसवावे हे कोणतेही न्यायालय सांगू शकत नाही. म्हणूनच येथे लोकमताचे काम आहे.

ह्यावर आक्षेप निघतील. पहिला असा की, “त्यांनाच आमच्यात बसणे अवघड वाटते.” वाटत असेल, पण ते अवघडलेपण कोणी निर्माण केले? आग्रहाने पान मांडून मग ज्याने त्याने आपली सोय पाहावी. न विचारताच त्याचा संकोच गृहीत धरणे हा सोयीचा युक्तिवाद आहे. दुसरा, “गाडीवानास खानावळवाले निराळे जेवू घालतात.” काही ठिकाणी घालतात, पण गिऱ्हाईक आणल्याचा तो मोबदला असतो, आपल्या आतिथ्याच्या खाती तो जमा करता येत नाही. तिसरा खर्चाचा. बावीसावे, तेविसावे व चोविसावे ताट जड वाटत असेल, तर एकवीस जणांची सहलच आपल्या ऐपतीबाहेरची होती असे समजावे. शिवाय ज्याच्या हाती आपली मुलेबाळे देऊन रात्री घाट चढावयाचा, त्यास अर्धपोटी ठेवणे हे निव्वळ व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाचे नव्हे.

आमच्या व्यापारी वाचकांस विशेष सांगणे आहे. अनेक पेढ्या व दुकाने वर्षातून एकदा नोकरवर्गास सहलीस नेतात. तेथे मुनीम एका टेबलावर आणि हमाल व झाडणारे दुसऱ्या टेबलावर, असे होत असल्यास मालकाने आपले ताट उचलून त्या दुसऱ्या टेबलावर जाऊन बसावे. वर्षभराच्या उपदेशाने जे होणार नाही ते त्या एका कृतीने होईल.

सुधारणेसाठी दर वेळी सभा भरवाव्या लागत नाहीत. पूर्वीच्यांनी बहिष्कार सोसून जी पंगत उघडी केली, तिच्यात आज तीन पाने वाढविण्यास कोणताही त्याग करावयाचा नाही. फक्त खानावळीस वर्दी देताना मोजणी नीट करावयाची आहे. जितकी माणसे गाडीत, तितकी पाने पंगतीत, एवढा हिशेब आमच्या वाचकांस कठीण नाही. आम्ही तो एकदा चुकलो. पुन्हा चुकणार नाही.