साथ न देणारी साथ : 'प्रिटी हेट मशीन'च्या निमित्ताने

एम.ए.च्या वर्गात मर्ढेकर शिकवताना 'यंत्रयुग' हा शब्द टाळता येत नाही. 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) या संग्रहांविषयी विद्यार्थी जी उत्तरे लिहितात, त्यांत यंत्र बहुधा एकाच ठरावीक भूमिकेत येते. यंत्र माणसाला चिरडते, त्याचे माणूसपण हिरावून घेते आणि कवीचा 'मी' त्याविरुद्ध आक्रोश करतो. हे उत्तर चुकीचे नाही. पण वर्षानुवर्षे ते तपासत आल्यावर त्यामागच्या गृहीतकाविषयीच मला शंका येऊ लागली आहे. यंत्र आणि 'मी' हे समोरासमोर उभे ठाकलेले शत्रूच असतात काय? आत्मनिष्ठ आविष्कार यंत्राच्या पोटातूनच होऊ शकतो काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मराठीच्या अभ्यासकाला काहीसे अनपेक्षित वाटेल असे एक उदाहरण घेतो आहे : 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक बँडचा 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम. तो २० ऑक्टोबर १९८९ रोजी प्रकाशित झाला.

माझी आणि या अल्बमची ओळख दहा वर्षे उशिराची. वसतिगृहातल्या एका मित्राकडे त्याची कॉपी केलेली कॅसेट होती. भावगीते आणि थोडेफार शास्त्रीय संगीत यांवर पोसलेल्या माझ्या कानांना तो सारा प्रकार पहिल्यांदा कारखान्यातल्या गोंगाटासारखा वाटला. तरीही ती कॅसेट मी परत मागून घेतली. का, ते तेव्हा सांगता आले नसते. आज सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. 'इंडस्ट्रियल' हे नाव या संगीताला १९७०च्या दशकात मिळाले. लंडनच्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटाने १९७६ मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रण संस्थेचेच नाव 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' असे होते. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली स्थापन झालेल्या 'आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन' या गटाने भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल यांतून वाद्ये उभी केली. या साऱ्यांच्या संगीतात गोंगाट होता, विध्वंस होता, सत्तेविषयीचा तिरस्कार होता. आपण कवितेत ज्याला भावकवितेचा 'मी' म्हणतो, तो मात्र त्यांनी जाणीवपूर्वक दूर ठेवला होता. गाणारा माणूस एखादा अहवाल वाचल्यासारखा बोले, किंवा त्याचा आवाज ओळखू येणार नाही इतका विद्रूप केलेला असे. व्यक्तिगत दुःखाचे गाणे ही त्यांच्या लेखी बाजारू पॉप संगीताची मिरास होती.

'प्रिटी हेट मशीन'ने हा संकेत मोडला, आणि तो मोडण्यामागे कोणताही जाहीरनामा नव्हता. ट्रेंट रेझ्नर हा १९६५ साली जन्मलेला, पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर या छोट्या गावी आजी-आजोबांकडे वाढलेला, लहानपणी पियानो शिकलेला मुलगा. कॉलेजात वर्षभर संगणक अभियांत्रिकी शिकून त्याने ते सोडले आणि तो ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात आला. तिथल्या 'राइट ट्रॅक' या स्टुडिओत तो साफसफाईपासून ध्वनिमुद्रणातल्या मदतीपर्यंत पडेल ते काम करी. रात्री स्टुडिओ मोकळा असला की मालकाच्या परवानगीने तो तिथेच स्वतःची गाणी मुद्रित करी. मनासारखे वादक मिळेनात, तेव्हा बहुतेक सर्व वाद्ये त्याने स्वतःच वाजवली. आपल्या पहिल्या अल्बममध्ये (१९७८) असेच करणाऱ्या प्रिन्सचा आदर्श त्याच्यापुढे होता. हाताशी होता एक मॅकिन्टॉश संगणक, सिंथेसायझर आणि ई-म्यू कंपनीचा 'ईमॅक्स' हा सॅम्पलर. इतरांच्या ध्वनिमुद्रिकांतले तुकडे उचलून, मोडूनतोडून त्याने ते आपल्या गाण्यांत पेरले.

हे तपशील चरित्रात्मक कुतूहलापोटी देत नाही. यंत्राला प्रतीक म्हणून पाहण्याची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांनी ध्यानात घ्यावे असे काहीतरी त्यांत आहे. इथे यंत्र ही आधुनिकतेवरची टिप्पणी नव्हती. एकट्या, पैसे नसलेल्या माणसाला रात्री अकरानंतर जो मिळू शकतो तो वादकवृंद होता. दिवसा ज्या जागेची फरशी पुसायची, त्याच जागी रात्री बसून स्वतःचा आवाज शोधायचा. 'मी' इथे यंत्रासमोर उभा नाही, तो यंत्राच्या मदतीने कसाबसा उभा आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे गायनाच्या संदर्भात 'साथसंगत' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. चांगला तबलजी गायकाचे ऐकतो. गायक रेंगाळला की तो थांबतो, गायकाचा श्वास कुठे तुटेल हे त्याला आधी कळते, समेवर दोघे एकत्र येतात तेव्हा श्रोत्यांची मान आपसूक हलते. भावगीतातली बासरी किंवा व्हायोलिन शब्दांमधल्या दुःखाला दुजोरा देते. साथीचा अर्थच मुळी सोबत. 'प्रिटी हेट मशीन'मधले ड्रम मशीन यातले काहीही करत नाही. रेझ्नरचा आवाज कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत चढतो, मध्येच फाटतो, विनवण्या करतो. ठेका मात्र जसा होता तसा चालू राहतो. 'टेरिबल लाय'मध्ये तो थेट देवाला जाब विचारतो. उत्तर येत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर तोच जड आघात, तितक्याच अंतराने. देवाचे मौन या विषयावर कविता लिहिणाऱ्यांची जगात वाण नाही, पण त्या मौनाला इतका नेमका, मोजता येणारा आवाज दिलेला मी क्वचितच ऐकला आहे. 'समथिंग आय कॅन नेव्हर हॅव'मध्ये यंत्र मागे सरते, पियानोचे मोजके सूर पुढे येतात. तरी दूरवरून धातूवरचे घाव ऐकू येतच राहतात, जणू शेजारच्या इमारतीत कुणीतरी आपल्या कामात आहे आणि आपल्या रडण्याशी त्याला कर्तव्य नाही.

या अल्बमवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की, त्यातले शब्द कच्चे आहेत. प्रेमभंग, विश्वासघात, आत्मघृणा यांची पौगंडावस्थेतली वही वाचल्यासारखे वाटते. हा आक्षेप मी नाकारणार नाही. ही गीते कागदावर उतरवून वर्गात वाचली तर विद्यार्थी हसतील, आणि त्यांचे फारसे चुकणारही नाही. पण गीताचा न्याय छापील शब्दांवरून करणे ही आम्हा साहित्याच्या शिक्षकांची खोड आहे. या गाण्यांचा आशय एकट्या शब्दांत नाही. तो शब्द आणि ठेका यांच्यामधल्या विसंगतीत आहे. 'मी' म्हणतो की माझे दुःख जगावेगळे आहे. ठेका त्याची दखल घेत नाही. आत्मकरुणेला तिथल्या तिथे आव्हान मिळते. एकटे शब्द भाबडे, एकटा ठेका नृत्यगृहात चालून जाईल असा. दोन्ही एकत्र आले की श्रोत्याला एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाणवते. या अतीव दुःखाच्या तालावर आपले पाय हलत आहेत. इंडस्ट्रियल संगीताच्या कर्मठ चाहत्यांना नेमके हेच पटले नाही. त्यांना तो पॉपशी केलेला तह वाटला. मला मात्र वाटते की, 'मी'ला हाकलून देऊन त्या जुन्या गटांनी जी निर्ममता मिळवली होती, तिच्यापेक्षा 'मी'ला आत घेऊन, त्याला न जुमानता चालणारी ही निर्ममता अधिक खरी आहे. कारण आपण सारे तिच्यातच राहतो.

मग या अल्बमचा वारसा कोणता? हिशेबाच्या भाषेत उत्तर सोपे आहे. अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत तो ७५व्या क्रमांकाच्या वर गेला नव्हता. पण सततच्या दौऱ्यांमुळे, विशेषतः १९९१च्या 'लोलापलूझा' महोत्सवी दौऱ्यामुळे, तो हळूहळू पसरत राहिला, आणि २००३ मध्ये त्याला तीस लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. एका स्वतंत्र, लहान कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी हे असाधारण होते. त्यानंतर १९९०च्या दशकात यंत्राचा ठेका, खरखरीत गिटार आणि घायाळ पुरुषी आवाज यांची एक लाटच आली. त्या लाटेविषयी मला फारशी आस्था नाही. बहुतेकांनी घायाळ आवाज तेवढा घेतला आणि यंत्राला पुन्हा आज्ञाधारक साथीदार करून टाकले. गायक ओरडला की गिटारही ओरडणार, तो हळवा झाला की तीही हळवी. ती बहिरी, न ऐकणारी साथ त्यांच्या कानांनी टिपलीच नाही. साहित्यातही आपण हे पाहतो. थोर कवीच्या अनुयायांना त्याची शब्दकळा उचलता येते, तिच्यामागचा ताण उचलता येत नाही.

माझ्या या मांडणीवर एक रास्त हरकत घेता येईल. रेझ्नरचे सर्वांत गाजलेले गाणे 'हर्ट', १९९४च्या 'द डाउनवर्ड स्पायरल'मधले. जॉनी कॅशने २००२ मध्ये ते गायले तेव्हा त्यात गिटार आणि पियानो होते, यंत्रे नव्हती. तरी ते मुळाहून अधिक भिडले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मग यंत्राची महती ती काय? मला वाटते, कॅशचे गाणे माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. सत्तरीतल्या, आजारी कॅशच्या आवाजात न जुमानणारी अशी एक गोष्ट होतीच. ती म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर, त्याचे वय. पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाले. 'मी' काहीही म्हणो, त्याचे न ऐकता चालणारा ठेका तिथेही होता, फक्त तो ड्रम मशीनमधून येत नव्हता.

वारशाची आणखी एक बाजू आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. अल्बमचे पहिलेच गाणे 'हेड लाइक अ होल' हे पैशाला देव मानण्याविषयी आणि त्या देवापुढे न वाकण्याविषयी आहे. हे गाणे ज्या 'टीव्हीटी' कंपनीने प्रकाशित केले, ती टेलिव्हिजन मालिकांच्या शीर्षकगीतांच्या संग्रहांमुळे नावारूपाला आलेली. रेझ्नरने नंतर सांगितल्यानुसार, कंपनीच्या प्रमुखाला पूर्ण झालेला अल्बम अजिबात रुचला नव्हता. पुढे दोघांत मोठा वाद झाला आणि १९९२च्या 'ब्रोकन'पासून रेझ्नरचे काम 'इंटरस्कोप'मार्फत येऊ लागले. 'प्रिटी हेट मशीन' मात्र मागेच राहिला. त्याचे हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. २०१० साली ते 'बायसिकल म्युझिक'कडे आले आणि त्याच वर्षी रेझ्नरच्या सहभागाने अल्बमची सुधारित आवृत्ती निघू शकली. इतक्या उघड्यावाघड्या आत्मनिष्ठेने भरलेल्या गाण्यांतला 'मी' कायद्याच्या दृष्टीने दोन दशके दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची वस्तू होता. २००८ मध्ये रेझ्नरने 'घोस्ट्स १-४' हा अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आणि 'द स्लिप' हा अल्बम चक्क मोफत उपलब्ध करून दिला, त्यामागे या जुन्या जखमेची आठवण असावी, असा माझा तर्क आहे.

आत्मनिष्ठेवर शिकवताना आम्ही 'मी' कसा बोलतो हे सांगतो. तो कुणाच्या जागेत, कुणाच्या यंत्रावर, दिवसातल्या कोणत्या वेळी बोलतो, आणि बोलून झाल्यावर ते बोलणे कुणाचे होते, हे प्रश्न आम्ही समाजशास्त्रासाठी सोडून देतो. या अल्बमने मला ते प्रश्न वाङ्मयीन प्रश्न म्हणून पाहायला शिकवले. कारण गाण्यातला जो ताण मला इतकी वर्षे खेचून घेतो, तो या परिस्थितीतूनच आला आहे. मोकळा स्टुडिओ, उसनी रात्र, आणि आपले ऐकण्यासाठी न बनवलेली यंत्रे.

२०२० साली 'नाइन इंच नेल्स'चा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. तोवर रेझ्नरला चित्रपटसंगीतासाठी ऑस्करही मिळाले होते. या हॉल ऑफ फेमचे संग्रहालय क्लीव्हलँडमध्येच आहे, ज्या शहरात एक तरुण रात्रीची वाट पाहत फरशी पुसत होता. या योगायोगावर भाळून जाण्याचा मोह मी आवरतो. यश मिळाले म्हणून ती फरशी पुसणे सार्थ ठरले असे नाही. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्याही रात्री तितक्याच खऱ्या होत्या. पुढच्या सत्रात मर्ढेकर पुन्हा येतील, 'यंत्रयुग'ही येईल. या वेळी विद्यार्थ्यांना एवढेच विचारणार आहे : या कवितेतले यंत्र 'मी'ला चिरडते हे खरे, पण ते त्याचे ऐकते का? आणि ते ऐकत नाही हे कळूनही 'मी' बोलतच का राहतो?