‘साधी गाठ’ समजण्याची किंमत

योनिमार्गाशेजारी एक मऊ, न दुखणारी गाठ येते. संकोचापोटी काही महिने ती लपवली जाते. पुढे तपासणीत ती बार्थोलिन ग्रंथीची गाठ, चरबीची गाठ किंवा हर्निया वाटते. छोटी शस्त्रक्रिया होते, रुग्ण घरी जाते. काही वर्षांनी त्याच जागी गाठ पुन्हा येते आणि मग कळते, की तो ‘अ‍ॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा’ होता.

स्टीपर आणि रोझाई यांनी १९८३मध्ये नऊ स्त्रियांच्या नोंदींवरून या अर्बुदाचे प्रथम वर्णन केले. ते प्रामुख्याने प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या ओटीपोटात आणि जननेंद्रियाच्या परिसरात आढळते. ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ म्हणजे आक्रमक. पण हे नाव भीती वाढवणारे आहे. दूरच्या अवयवांत ते क्वचितच पसरते. त्याचा हेका असतो तो शेजारच्या ऊतींमध्ये शिरण्याचा आणि काढले तरी पुन्हा उगवण्याचा.

खरी फसगत आकारात आहे. बाहेर लिंबाएवढी दिसणारी गाठ आत मूत्राशय आणि गुदाशयाच्या बाजूने बरीच वर गेलेली असू शकते. हाताने तपासून हे समजत नाही. एमआरआयमध्ये मात्र गाठीचा विस्तार कळतो आणि तिच्यातील भोवऱ्यासारखे पट्टेही अनेकदा दिसतात. नेमके निदान पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली करतात. पण तिथेही तिच्यासारख्या दिसणाऱ्या, तुलनेने निरुपद्रवी गाठी आहेत. म्हणूनच अनुभवी डोळ्यांचे दुसरे मत मोलाचे ठरते.

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. पूर्वी भोवतालच्या ऊतींसह मोठा भाग काढण्यावर भर असे. आता मूत्रमार्ग, गुदाशय किंवा प्रजननक्षमता धोक्यात येत असेल, तर थोडी गाठ मागे ठेवणेही स्वीकारले जाते. यातील बहुतेक गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक असतात. त्यामुळे संप्रेरके रोखणारी औषधे देऊन काही रुग्णांमध्ये गाठ आकसते. औषध थांबवल्यावर ती पुन्हा वाढू शकते, हेही खरे. पुनरावृत्ती अनेक वर्षांनीही होत असल्याने दीर्घकाळ एमआरआय करत राहावे लागते.

इतक्या दुर्मीळ आजाराचा अनुभव प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला असावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. अपेक्षा हवी ती क्रमाची: या भागातील गाठ नेहमीसारखी वाटत नसेल किंवा पुन्हा आली असेल, तर आधी एमआरआय, मग शस्त्रक्रिया. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२पासून उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मुळे देशभरातील कर्करोग केंद्रे जोडली गेली आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी शंका येताच अशा केंद्राचा सल्ला घेतला, तर रुग्णाची दुसरी आणि तिसरी शस्त्रक्रिया टळू शकते. महागड्या नव्या औषधाची वाट न पाहताही हे आज करता येण्यासारखे आहे.