पडीक म्हणजे नक्की काय?

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू कोणतं, हा प्रश्न लंच टेबलवर टाकून बघा. शेकरू बहुतेकांना येतं, हरियाल एखाद्याला येतो, फुलपाखराला मात्र सगळे गप्प! उत्तर आहे ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी. २०१५ साली घोषणा झाली आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. तळहाताएवढं, काळं-निळं, देखणं प्रकरण आहे. फक्त ते मुख्यतः सह्याद्रीच्या दमट झाडीतलं. निवडीबद्दल तक्रार नाही, पण फुलपाखरू म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे गर्द हिरवं, हे समीकरण आपल्या डोक्यात त्यामुळे आणखी घट्ट बसतं. माझा आक्षेप त्या समीकरणाला आहे.

त्यासाठी तुम्हाला किनवटला नेतो. मराठवाडा म्हणजे टँकर एवढंच ठाऊक असलेल्यांसाठी सांगतो, नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला सागाचं चांगलं जंगल आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, दुसऱ्या बाजूला तेलंगणा. १९५६ पर्यंत तर हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. पण हे जंगल सलग नाही. बोधडी, इस्लापूर, मांडवी, कुठेही जा... टेकडीवर साग, उतारावर कापूस नाहीतर सोयाबीन, मधे गायरान, पुढच्या टेकडीवर परत साग. वरून बघितलं तर गोधडीच.

आता फुलपाखराच्या बाजूने विचार करा. मादी अंडी कुठेही घालत नाही. तिच्या अळीला जे झाड चालतं तेच लागतं. बॅरोनेट नावाचं विटकरी रंगाचं फुलपाखरू आहे, त्याच्या अळीला तेंदू हवा. हो, तोच तेंदू, ज्याची पानं उन्हाळ्यात तोडून इथली कितीतरी घरं चार पैसे मिळवतात. अळी पानाच्या मधल्या शिरेला अशी चिकटून बसते की पान तोडणाऱ्यालाही दिसू नये. कॉमन पियरो, पांढऱ्यावर काळे ठिपके, त्याला बोर. प्लेन टायगरला रुई. डॅनेड एगफ्लायला घोळ, तीच भाजीची! (याची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते, कारण तो पक्ष्यांना बेचव लागतो. पेटंटचा दावा कोण करणार?) यलो पॅन्सीला कोरांटी. ग्रास ज्वेल तर नखाएवढं, जमिनीला घासून उडतं आणि जमिनीलगतच्या रानवनस्पतींवर वाढतं. शिवाय स्किपर, रिंग, ब्राऊन मंडळींपैकी बहुतेकांना साधं गवत लागतं.

यादी परत वाचा. तेंदू सोडला तर यातलं काय गर्द जंगलात उगवतं? बोर बांधावर, रुई रस्त्याकडेला, घोळ शेतात, गवत गायरानात. आणि खुद्द सागावर तुटून पडतात ते बहुधा पतंगांचे सुरवंट, ज्यांच्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांची जाळी झालेली दिसते. म्हणजे किनवटची फुलपाखरं वाचवायची तर जंगलाचे तुकडे हवेतच, पण तुकड्यांमधलं 'काहीच नाही' हेही हवं.

हे तुकड्यांचं गणित फिनलंडच्या इल्का हान्स्कीने आयुष्यभर मांडलं. ओलांड बेटांवरची सुमारे ४,००० छोटी कुरणं आणि त्यांत राहणारं एक फ्रिटिलरी फुलपाखरू. एखाद्या कुरणातलं कुटुंब नष्ट होतं, शेजारच्या कुरणातून माद्या येतात आणि वस्ती परत उभी राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर नोड पडणारच आहेत, सिस्टीम टिकते ती शेजारचा नोड जवळ असल्यामुळे. दोन नोड्समधलं अंतर वाढवा, मग एकेक दिवा विझत जातो आणि बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

कुंपण घालून प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर इंग्लंडचं लार्ज ब्ल्यू आठवा. ते कमी होतंय म्हणून जागा राखल्या, गुरं बंद केली. गवत वाढलं, जमीन थंड पडली, आणि ज्या मुंग्यांच्या वारुळात त्याची अळी वाढते त्या मुंग्याच गेल्या. १९७९ ला फुलपाखरू संपलं. जेरेमी थॉमस यांनी कारण शोधलं तोवर उशीर झाला होता. मग स्वीडनहून अळ्या आणून आणि चराई परत सुरू करून ते पुन्हा बसवावं लागलं. म्हणून गुराख्याला खलनायक करण्याआधी थोडं थांबावं. अतिचराईने गायरान बोडकं होतं हे खरंच, पण शून्य चराई हा त्याचा इलाज नाही.

आता आपल्याकडचा इलाज बघा. देशाच्या पडीक जमिनींच्या अ‍ॅटलासमध्ये झुडपी जमीन आणि खालावलेली कुरणं पडीक म्हणून मोजली जातात. एकदा पडीक म्हटलं की खड्डे खणायला मोकळे! २०१९ च्या पावसाळ्यात राज्याचं उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचं होतं. एवढी झाडं लावायला मोकळी जागा म्हणून पहिली नजर जाते ती माळावर आणि गायरानावर. दर जूनमध्ये आपल्याही इनबॉक्सात सीएसआरची मेल येते, शनिवारी बस, टी-शर्ट, रोप, सेल्फी. माझं म्हणणं एवढंच की जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. तिथे आधी काय उगवत होतं, आणि रोपं कोणती? उजाड खाणीत लावत असाल तर जरूर जा. गवताळ माळावर ग्लिरिसिडिया लावत असाल तर शनिवारी घरी झोपलेलं बरं.

याला एक उत्तर ठरलेलं असतं, "माणसांना जमीन नाही आणि तुला फुलपाखरांची पडलीय." मराठवाड्यात गायरान हा शब्द साधा नाही, मान्य. भूमिहीन दलितांनी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून, म्हणजे १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांपासून, जमिनीसाठी लढा दिलाय, आणि त्यांच्या कसण्यापुढे मी पियरो आणून उभा करणार नाही. पण खड्डे खणणारी संस्था भूमिहीनाला जमीन देत नाही. उलट शेळ्यांची चराई बंद करते. तिथे शेळीवाली बाई आणि ग्रास ज्वेल एकाच बाजूला आहेत, आणि खड्डे खणण्याआधी त्या बाईला कोणी विचारलंय का, हे ग्रामसभेच्या ठरावात बघता येतं.