इंग्रजीच्या तासाला मराठी हवीच

मी इतिहासाचा शिक्षक; इंग्रजीचे तास माझ्याकडे आले ते शिक्षक कमी होते म्हणून. वसतिगृहातील आठवीच्या एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला अर्ज तपासण्यासाठी माझ्याकडे आणला. वडील नाहीत, आई मजुरी करते, असे सांगून शेवटी त्याने लिहिले होते : ‘आय हॅव नो वन टू हेल्प.’ त्याला म्हणावयाचे होते, मला मदत करणारे कोणी नाही. परंतु या वाक्याचा अधिक सहज लागणारा अर्थ नेमका उलट आहे : मी ज्याला मदत करावी, असे मला कोणी नाही. म्हणजे जबाबदारीतून मोकळा असलेला मुलगा! शेवटी ‘मी’ हा एक शब्द घालताच अर्थ सरळ झाला. (इंग्रजीतला हा ‘मी’ कर्म, मराठीतला कर्ता, गंमतच आहे.)

दोष त्या मुलाचा नव्हता. ‘टू’ आणि क्रियापद म्हणजे ‘ण्यासाठी’, हे सूत्र आपणच पाठ करून घेतो. ते नामापाठोपाठ आले की फसते. ‘द फर्स्ट गर्ल टू पास’ यात उत्तीर्ण होते ती मुलगीच. ‘अ बुक टू रीड’ यात पुस्तक वाचत नाही, ते वाचले जाते. ‘द डिसिजन टू लीव्ह’ यात निर्णय कशाचा, एवढेच कळते. इंग्रजीने ही तिन्ही नाती एकाच ‘टू’त कोंबली; मराठी ती वेगळी दाखविते : उत्तीर्ण होणारी मुलगी, वाचायचे पुस्तक, जाण्याचा निर्णय. अर्थात मराठीही निर्दोष नाही. ‘मला शिकवायला कोणी नाही’ हे विद्यार्थी म्हणतो की शिक्षक?

प्रश्न केवळ गुणांचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना, म्हणजे आपणा बौद्धांनाही, शैक्षणिक संस्था ‘टू एस्टॅब्लिश अँड ॲडमिनिस्टर’ असा ‘राइट’ दिला आहे. एका नामाला दोन क्रिया जोडलेल्या. मग संस्था दुसऱ्याने स्थापन केली असेल, तर ती नुसती चालविण्याचा हक्क मागता येईल काय? अलीगढ मुस्लिम विद्यापीठासंबंधीच्या अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दोन्ही क्रिया जोडूनच वाचल्या : ज्यांनी स्थापन केली, त्यांनाच चालविण्याचा हक्क. कायद्याने अस्तित्वात आलेली संस्था अल्पसंख्याकांनी स्थापन केलेली मानता येत नाही, हे त्या निकालातील मत २०२४ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने रद्द केले. पण स्थापना कोणाची, हा प्रश्न तेव्हाही मध्यवर्तीच राहिला.

इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको, असे अनेक पालक बजावतात. इंग्रजीवाचून अडलेल्या पिढीचे हे आईवडील आहेत. त्यांची तळमळ मला समजते, आग्रह पटत नाही. नामापुढे ‘टू’ दिसला की मी मुलांना मराठीतच विचारतो : हे नाम क्रिया करते, की क्रिया त्याच्यावर घडते, की क्रिया हा त्याचा आशय आहे? ‘णारा’, ‘यचा’ की ‘ण्याचा’, हे मग मुले स्वतःच ठरवितात.

यंदा नववीतल्या एका मुलीने ‘वॉटर टू ड्रिंक’पुढे ‘प्यायचे पाणी’ असे अचूक लिहिले आणि विचारले, “सर, पण कोणी प्यायचे, ते यात कुठे आहे?” उरलेला तास मी महाड, चवदार तळे आणि १९२७ साल यांवरच बोलत राहिलो.