चेंडूच्या शिवणीतला धडा

नैसर्गिक साधने आणि मानवी श्रम यांच्या संयोगातून वस्तू निर्माण होते, हे सूत्र शाळांतून मुलांकडून घोकून घेतले जाते. उदाहरण बहुधा कापूस आणि कापडाचे असते. मुलांच्या हाती रोज असणारा चेंडू वर्गात येतो तो मास्तरांनी जप्त करण्यापुरताच! वास्तविक तोच चेंडू टेबलावर ठेवून सुरीने कापला, तर अर्थशास्त्राचा याहून सरस पाठ सापडणे कठीण.

क्रिकेटच्या चेंडूचा गाभा बुचाचा असतो. उत्तम बूच बहुतांशी पोर्तुगालमधले. ओकच्या एका जातीची ती साल, आणि एकदा काढल्यावर पुन्हा काढण्याजोगी व्हायला तिला सुमारे ९ वर्षे लागतात. गाभ्यावर लोकरीचा दोरा ताणून गुंडाळतात. तुरटीने कमावलेले कातडे रंगवून त्याचे चार तुकडे कापतात, दोन-दोन जोडून वाट्या करतात, त्या गाभ्यावर बसवून शिवतात. शिवणीच्या ओळी ६. तयार चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम भरला तरच तो मोठ्या सामन्यास चालतो. झाडाची साल, मेंढीची लोकर, जनावराचे कातडे आणि अखेर आरी चालवणारा हात, एवढे सगळे त्या मुठीएवढ्या गोळ्यात एकवटलेले असते.

येथवर कोणताही सरकारी पाठ येऊ शकेल. पुढे मात्र ‘श्रम’ हा एकच गुळगुळीत शब्द लिहून तो थांबतो. हा श्रम कोणाचा? १९४७ च्या फाळणीत सियालकोट सोडून आलेल्या उद्योजक-कारागिरांनी जालंधर आणि मीरतमध्ये खेळसाहित्याचा धंदा उभा केला. मीरतमध्ये चेंडू शिवणारे बहुतांशी दलित. कारण कातड्याला हात लावण्याचे काम या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच माथी मारले. त्याच कातड्याच्या चेंडूवर बाळू पालवणकरांनी पुण्याच्या हिंदू संघाला सामने जिंकून दिले आणि त्यांना चहा मिळाला तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. ‘मानवी साधनसंपत्ती’ या प्रकरणात हे कोठे बसवायचे, ते पाठ्यपुस्तककर्त्यांनी सांगावे.

दर नगामागे मजुरी मिळू लागली की घरातली लहान बोटेही कामाला लागतात. सियालकोटमध्ये फुटबॉल शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र १९९६ मध्ये अमेरिकन मासिकात झळकले, जग हळहळले, आणि १९९७ च्या फेब्रुवारीत कारखानदार, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्यात अटलांटा येथे करार झाला. शिवणकाम घरांतून तपासणी होऊ शकेल अशा केंद्रांत गेले. केंद्रापर्यंत जाऊ न शकणाऱ्या कित्येक स्त्रियांची मजुरी मात्र बुडाली. आईच्या मजुरीचा दर तोच ठेवून मुलाला कामावरून उठवले, की चूल कशी पेटायची हा प्रश्न करारनाम्याबाहेरच राहतो.

आपल्याकडे तर २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीच्या कायद्यातच खिडकी ठेवली. चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी. परंतु शाळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात ‘मदत’ करण्यास मुभा. घरी आणलेले उक्ते काम ही मदत की मजुरी, हे ठरवायला संध्याकाळी सातनंतर कोणता निरीक्षक गल्लीत फिरणार आहे?

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. पुढे अनेक ठिकाणी त्याची टकळी झाली आणि विचार मागे पडला. तो आता चेंडूच्या निमित्ताने पुन्हा हाती घेता येईल. शिक्षक कार्यकर्त्यांनी मुलांना एकदा आरी आणि मेणाचा दोरा देऊन कातड्याच्या दोन तुकड्यांवर वीतभर सरळ शिवण घालायला लावावी. बोटे दुखू द्यावीत. मग दुकानात जाऊन चेंडूची किंमत विचारून यायला सांगावे, आणि त्यातले शिवणाऱ्याच्या हाती किती पडत असतील, हे गणित फळ्यावर मांडावे.